फ्लायव्हील थांबू द्या

आपल्या तोंडात एक शब्द फार सहज बसला आहे. ‘समजलं.’ बँकेच्या खिडकीवर, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत कुणी भराभरा काहीतरी सांगतं आणि विचारतं, ‘समजलं का?’ की आपली मान आपोआप हलते. समजलेलं काहीच नसतं. घरी येऊन आपण तो कागद उलटसुलट करत बसतो आणि शेजाऱ्याला विचारायचीही चोरी होते. तुमच्यावर अशी वेळ कधी आली नसेल, तर तुम्ही भाग्यवान. भीमराजवर ती एका महिन्यात इतक्या वेळा आली, की शेवटी त्याच्या नावाचा कागद कॉम्प्युटरवर चिकटला!

भीमराजने चाकणच्या एका कंपनीत चोवीस वर्षं प्रेस चालवली होती. गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट काढणारी, दोन माणसांच्या उंचीची प्रेस. उन्हाळ्यात त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता प्रेस विसरा. साहेब भले माणूस होते. त्यांनी त्याला टूल स्टोअरमध्ये बसवलं. तिथे रॅकवर एकशे बारा डाय होत्या. डाय म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा पोलादी साचा; पत्र्याला आकार देतो तो. कुठल्या डायची धार किती मालानंतर बोथट होते, कुठली घासून घासून उंचीला कमी झाली आहे, हे भीमराजला तोंडपाठ होतं. चुकीच्या उंचीची डाय प्रेसवर गेली तर ऑपरेटरच्या बोटांवर बेतू शकतं, हेही त्याला ठाऊक होतं. त्यामुळे हे काम त्याला मनापासून आवडलं. प्रेस सुटल्याचं दुःख तो पंधरा दिवसांत विसरला.

अडचण एकच होती. स्टोअरची जुनी वही बंद झाली होती. आता कुठली डाय कुठे आहे, तिला धार कधी लावली, हे सगळं कॉम्प्युटरवर भरायचं होतं.

शिकवायला प्लॅनिंगमधली मिनल आली. पंचविशीतली, हुशार, तीन माणसांचं काम एकटी ओढणारी मुलगी. ती उभ्या उभ्याच बोलायला लागली, “काका, हे बघा. इथे क्लिक, इथून नंबर निवडा, इथे तारीख, सेव्ह, क्लोज, जाताना शटडाउन. समजलं?”

पडद्यावरचा बाण माशीसारखा इकडून तिकडे उडाला. भीमराजच्या डोळ्यांना तो गाठताच आला नाही.

“समजलं मॅडम,” तो म्हणाला.

संध्याकाळी सुट्टीचा भोंगा वाजला. भीमराजने टेबल पुसलं, कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर टाकलं आणि भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. चोवीस वर्षांची शिस्त होती ती. कंपनीच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलंच होतं, ‘मेन बंद केल्याशिवाय मशीन सोडू नये.’ आणि भीमराजने मशीन कधीच तसं सोडलं नव्हतं. इतकी नेक चूक दुसरा कोण करणार?

दोनदा कॉम्प्युटर कुरकुरत का होईना सुरू झाला; दोन्ही वेळा मिनल येऊन तेच भराभरा सांगून गेली आणि भीमराज ‘समजलं’ म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र पडदा निळा पडला आणि त्यावर इंग्रजीत काहीबाही उमटलं. मिनलने भरलेल्या मागच्या चार दिवसांच्या नोंदी गायब झाल्या.

“काका, परत? काय केलंत काय?” मिनलचा आवाज प्रेसच्या लाइनपर्यंत गेला.

“काही नाही केलं मॅडम. नीट बंद करून गेलो होतो.”

“नीट? मी सांगितलं होतं ना शटडाउन करा म्हणून? तुम्हीच म्हणालात, समजलं!”

तिने सांगितलं होतं, हे खरं. सहा गोष्टींच्या शेपटाला सांगितलं होतं, हेही तितकंच खरं. भीमराज डाय पुसायला रॅककडे निघून गेला. दुपारी चहाच्या वेळी तो परत आला, तेव्हा पडद्याच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता. छापील, ठळक अक्षरं. ‘भीमराज काकांनी कॉम्प्युटरला हात लावू नये.’

येणाऱ्याजाणाऱ्याने तो वाचला. कुणीतरी हसून म्हणालं, “भाऊ, तुमची तर मजाच झाली राव! हात न लावता पगार.” भीमराजही हसला. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. “भीमराज, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ऑडिट आहे. तोवर सगळ्या डायच्या नोंदी तुम्ही स्वतः करायला लागलात, तर स्टोअर तुमचं. नाही जमलं तर गेटवर खुर्ची आहे. त्यात कमीपणा मानू नका.”

कमीपणाचं काही नव्हतं. पण आपण गेटवर बसलो तर त्या एकशे बारा डायचं काय होणार, हा विचार भीमराजच्या डोक्यातून जाईना.

कंपनीची बस मोशी, भोसरी करत नाशिक फाट्यापर्यंत आली. तिथून संत तुकाराम नगरातल्या घरापर्यंत तो रोज चालत यायचा, आजही आला. पण चपला काढायच्या आतच कस्तुराने, त्याच्या बायकोने, ओळखलं.

“काय झालं?”

“काही नाही. गेटवर बसणार आता मी. निवांत काम आहे.”

कस्तुराने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि समोर बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“त्या मुलीला तुम्ही विचारलं नाही का परत?”

“तिनेच विचारलं, समजलं का म्हणून.”

“मग?”

“मग काय, समजलं म्हणालो.”

“आणि समजलं होतं?”

भीमराजने तांब्या उचलून तोंडाला लावला. कस्तुराने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, तीस वर्षं मला म्हणताय, मनात ठेवू नकोस, बोलत जा. आणि स्वतः? उद्याचा दिवस काढा. गुरुवारी सुट्टी आहे ना, सकाळी खैरुन्निसा आपांच्या कॉम्प्युटर क्लासला जायचं. मी आत्ताच सांगून येते.”

“तिथे कॉलेजच्या मुली असतात गं! मी पंचावन्न वर्षांचा घोडा...”

“मग घोड्याने मागच्या बाकावर बसावं,” कस्तुरा म्हणाली आणि चप्पल घालून निघालीसुद्धा.

खैरुन्निसा आपांचा क्लास दोन इमारती सोडून, तळमजल्यावर होता. पूर्वी तिथे टायपिंग शिकवत. मशिनं गेली, कॉम्प्युटर आले, आपा मात्र त्याच राहिल्या. पांढरे केस, जाड चष्मा आणि निम्म्या वस्तीला बोटं कशी ठेवायची ते शिकवल्याचा दरारा. खिडकीत अजून एक जुना मराठी टाइपरायटर ठेवलेला होता. कागद धरून सरकणारा त्याचा गाडा अडकून वर्षं झाली होती.

गुरुवारी भीमराज अंग चोरत आत शिरला. आपांनी त्याला मागच्या बाकावर नाही, आपल्या टेबलापाशी बसवलं. टेबलावर एक कॉम्प्युटर होता, पण त्याची एकही वायर जोडलेली नव्हती. सगळ्या वायरी बाजूला ढीग करून ठेवलेल्या.

“लावा हात,” आपा म्हणाल्या.

“मी?”

“मग काय मी? हा सुरू नाही, याला करंट नाही. बिघडणार कसा? भीमराजभाऊ, आधी सगळं हातात घेऊन बघा.”

महिनाभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला ‘हात लावा’ म्हटलं होतं! भीमराजने पँटला हात पुसले, आणि एखादी नवी डाय हाती यावी तसा त्याने कॉम्प्युटरचा लोखंडी डबा फिरवून पाहिला.

“हा समोरचा मॉनिटर. नुसता पडदा आहे तो. याचं बटण दाबून पडदा काळा केला, तरी खरा कॉम्प्युटर या डब्यात चालूच राहतो. माणसं इथेच फसतात. ही पडद्याची वायर, ही करंटची, ही माउसची, ही कीबोर्डची. आता कुठली कुठे जाईल, ते मला विचारू नका. तिलाच विचारा.”

भीमराजने पडद्याची वायर उचलली. टोकाला निमुळता आकार, एक बाजू रुंद, एक अरुंद, दोन्हीकडे छोटे स्क्रू. डब्याच्या पाठीवर त्याने बोट फिरवलं. तोच आकार तिथे एकाच जागी होता. आणि त्याचा चेहरा खुलला.

“आपा, हे तर आमच्या डायसारखं आहे! डायला चार खांब असतात. त्यातला एक मुद्दाम वेगळ्या जाडीचा ठेवतात. म्हणजे घाईत कुणी उलटी बसवायला गेलं, तर ती बसतच नाही.”

“बघा. मग मी काय शिकवणार तुम्हाला?” आपा हसल्या. “जी सहज बसत नाही, ती तिथली नाहीच. जोर लावायचा नाही.”

दहा मिनिटांत सगळ्या वायरी जागच्या जागी गेल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. आपांनी नोंद कशी लिहायची, ती सेव्ह कशी करायची, हे सांगितलं. “पडद्यावर जे काम चालू आहे ते अजून टेबलावरच, कच्चं. सेव्ह केलं, म्हणजे डाय रॅकवर गेली. कळलं?”

“समजलं,” भीमराज म्हणाला. सवयच ती.

आपांनी लगेच पडदा स्वतःकडे वळवला. “या घरात तो शब्द चालत नाही, भाऊ. करून दाखवा.”

भीमराजने माउस धरला. बाण भलतीकडे गेला. कपाळाला घाम आला. पलीकडच्या मुली बघतायत असं त्याला वाटलं. खरं तर त्या आपापल्या कामात होत्या. शेवटी त्याने श्वास सोडला आणि म्हणाला, “नाही समजलं.”

“शाब्बास! आता शिकवता येईल.”

तीनदा सांगितल्यावर, चौथ्यांदा त्याने स्वतः नोंद सेव्ह केली. मग आपांनी विचारलं, “आणि कंपनीत बंद कसा करता?”

“मेन बंद करतो. शिस्त आहे आमची.”

आपा हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तुमच्या प्रेसचं बटण दाबलं की प्रेस लगेच थांबते?”

“छे! मोटर बंद होते, पण फ्लायव्हील फिरत राहतं. ते केवढं मोठं लोखंडी चाक, त्याला थांबायला वेळ लागतो. ते थांबल्याशिवाय डायमध्ये हात घालायचा नाही. पहिला नियम.”

आपांनी कपाटातून एक चपटी डबी काढली. जुनी हार्ड डिस्क, वरचं झाकण काढलेली. आत आरशासारखी चकचकीत गोल तबकडी होती. त्यांनी तिला करंटची पिन लावली. तबकडी गरगर फिरू लागली. पिन काढली, तरी ती क्षणभर फिरतच राहिली.

“हे कॉम्प्युटरचं फ्लायव्हील. तुमच्या नोंदी यावर लिहिल्या जातात. नव्या कॉम्प्युटरमध्ये ही तबकडी नसतेही, पण आत लिहिणं-ठेवणं चालूच असतं. शटडाउन म्हणजे त्याला सांगणं, बाबा रे, हातातलं काम आवर. तो आवरतो, थांबतो, पडदा काळा होतो. मग मेन. तुमची शिस्त चुकीची नव्हती भाऊ. फ्लायव्हील थांबायच्या आत तुम्ही मेन बंद करत होता, एवढंच.”

भीमराज त्या तबकडीकडे बघत राहिला. “एवढंच होतं तर मला कुणी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असेल, घाईत. माझंच बघा. पहिली दहा वर्षं मी पण पोरींना विचारायचे, समजलं का? सगळ्या हो म्हणायच्या आणि परीक्षेत निम्म्या नापास. मी त्यांना ढ म्हणायचे. मग एक दिवस लक्षात आलं, माझ्या आवाजालाच त्या घाबरत होत्या. त्या दिवसापासून तो प्रश्न मी टाकून दिला. तुमच्या त्या मिनलवर रागावू नका. तिला कॉम्प्युटर शिकवला कुणीतरी, पण शिकवावं कसं, हे कुणीच शिकवलेलं नाही.”

आणि भीमराजला एकदम ज्योतीराम आठवला!

अकरा वर्षांपूर्वी बीडकडून आलेला, त्याच्याच वयाचा नवा ऑपरेटर. पहिल्याच दिवशी भीमराजने त्याला प्रेसपाशी उभं करून भराभरा सगळं सांगितलं होतं. हे बटण, हे पेडल, हे फ्लायव्हील. समजलं का? ज्योतीराम म्हणाला होता, समजलं. तिसऱ्या दिवशी त्याने मोटर बंद केली, अडकलेला पत्रा काढायला हात घातला, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं. चौकशीत भीमराजने सांगितलं होतं, मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही. आजवर तो तेच सांगत आला होता. त्याला ते खरंही वाटत होतं.

अरे देवा! मिनलने वेगळं काय केलं होतं? तिच्या घाईत चार दिवसांच्या नोंदी गेल्या. त्याच्या घाईत एका माणसाचं बोट गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो प्रेसच्या लाइनवर गेला आणि ज्योतीरामच्या शेजारी बाकावर बसला.

“ज्योतीराम, एक खरं सांग. तुला त्या वेळी फ्लायव्हीलचं मी सांगितलं होतं का?”

ज्योतीराम दचकला. मग म्हणाला, “सांगितलं होतं की. पण लई घाईत.”

“मग समजलं कशाला म्हणालास?”

“तुमी ज्या आवाजात इचारलं भाऊ, त्यात न्हाई म्हणायला जागाच नव्हती.”

भीमराजने हातातला कप बाकावर ठेवला. “चूक माझी होती. इतकी वर्षं मी तुझ्यावर ढकलली. मला माफ कर.”

ज्योतीरामने तुटक्या बोटावरून अंगठा फिरवला. मग बाहीने डोळे टिपून म्हणाला, “अकरा वर्सं मीच सोताला येडा समजत व्हतो, भाऊ. बरं झालं बोललात.”

त्यानंतर भीमराज रोज संध्याकाळी तासभर आपांकडे जाऊ लागला. दुखऱ्या खांद्यामुळे त्याला माउसवर पटकन दोनदा टिचकी मारता येत नसे. दोन टिचक्यांत अंतर पडे आणि कॉम्प्युटर दाद देत नसे. आपांनी दाखवलं की सेटिंगमध्ये ‘माउस’ या नावाखाली त्या टिचकीचा वेगही कमी करता येतो, बाण मोठा करता येतो, अक्षरं मोठी करता येतात. “मशीन माणसाच्या मापाचं करून घ्यायचं,” त्या म्हणाल्या, “माणसाने का म्हणून अंग मोडून घ्यावं?”

आठ दिवसांनी भीमराज सकाळीच मिनलच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.  चोवीस वर्षांत त्याने जे कधी केलं नव्हतं, ते त्याला करायचं होतं.

“मॅडम, तुम्ही शिकवलंत तेव्हा मी समजलं म्हणालो. ते खोटं होतं. मला काहीच समजलं नव्हतं. माझी चूक झाली. पण आता मला एकदा सावकाश सांगा, आणि माझ्याकडून करून घ्या.”

मिनल बघतच राहिली. तिने घड्याळाकडे पाहिलं, कपाळाला आठी पडली. पण समोरचा माणूस हलला नाही. ती निमूट स्टोअरमध्ये आली.

भीमराज खुर्चीवर बसला. “आधी टिचकीचा वेग कमी करून घेतो, खांद्यासाठी,” असं म्हणून त्याने सेटिंग उघडलं आणि सावकाश, बोट ठेवत ठेवत, हवं ते शोधून काढलं.

“हे... हे असं करता येतं?” मिनलच्या तोंडून निघालं. “काका, सेटिंगमध्ये कुठे गेलात तुम्ही? मला नाही समजलं. परत दाखवा ना.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो, ते तिचं तिलाच कळलं. तिचा चेहरा उतरला. तिने हात वर करून पडद्यावरचा तो कागद ओढून काढला, चिकटपट्टीसकट. “सॉरी काका. माझ्या बाबांनाही मी घरी मोबाइलला हात लावू देत नाही. ते पण म्हणतात, समजलं, समजलं. आणि गप्प बसतात.”

“मग आज घरी जाऊन त्यांच्याकडून करून घ्या,” भीमराज म्हणाला. त्याला तिचा राग उरलाच नव्हता. “शिकवणारं माणूस भेटलं, हे माझं नशीब. नाही तर मीही कुणावर तरी ओरडतच मेलो असतो.”

वीस तारखेला ऑडिट झालं. एकशे बारा डाय, एकशे बारा नोंदी, सगळ्या भीमराजच्या हातच्या. ऑडिटरने मधलीच एक डाय विचारली आणि भीमराजने पडद्यावर ती काढून दाखवली, शिवाय रॅकपाशी नेऊन बोटानेही दाखवली. साहेबांनी पाठ थोपटली. नेमकी दुखऱ्या खांद्यावर, पण त्या दिवशी भीमराजला ते दुखलं नाही.

पुढच्या गुरुवारी तो आपांकडे गेला, ते तेलाची कुपी आणि बारीक ब्रश घेऊन. खिडकीतला टाइपरायटर त्याने खाली उतरवला, डाव्या हाताने दोन तास साफ केला, तेल दिलं. अडकलेला गाडा सरकला आणि टिंग करून घंटी वाजली. आपांनी चष्मा काढून पुसला.

“तुम्ही मला हात लावा म्हणालात, आपा. त्याची फेड कशानेच व्हायची नाही,” भीमराज म्हणाला. 

“आहे की फेड,” आपा म्हणाल्या. “पुढच्याला हात लावू द्या.”

आज त्या टूल स्टोअरमध्ये गेलात, तर कॉम्प्युटरवर एक कागद दिसेल. मिनलने छापलाय, मजकूर भीमराजचा आहे. ‘हात लावा. नाही समजलं तर तसं सांगा. मेन सर्वांत शेवटी.’ आणि त्या कागदासमोर, शिफ्ट संपल्यावरच्या अर्ध्या तासात, ज्योतीराम बसलेला दिसेल. स्टोअरला दुसरा माणूस हवा होता. भीमराजनेच त्याचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी ज्योतीरामने आखूड झालेलं बोट माउसवर ठेवलं आणि चटकन मागे घेतलं. “ह्या बोटानं जमंल का, भाऊ?”

“मधलं बोट वापर. सेटिंग तुझ्या मापाचं करून देतो,” भीमराज म्हणाला. मग त्याने एकच गोष्ट, अगदी सावकाश, करून दाखवली. जिभेवर आलेला जुना प्रश्न त्याने गिळला.

ज्योतीराम पडद्याकडे बघत राहिला, मग त्याच्याकडे वळला आणि हसून म्हणाला, “न्हाई समजलं.”

“बरं झालं सांगितलंस,” भीमराज म्हणाला आणि त्याने खुर्ची जवळ ओढली.

वाचकहो, आपल्या घरात आई असते, वडील असतात, कामावर एखादा नवा माणूस असतो. त्यांना काही शिकवाल तेव्हा ‘समजलं का?’ असं दरडावून विचारू नका. वस्तू त्यांच्या हातात द्या, करून दाखवायला सांगा, आणि ते चुकले तर थांबा. ‘नाही समजलं’ असं ज्याला आपल्यासमोर न घाबरता म्हणता येतं, त्यालाच आपण खरं काही शिकवू शकतो. आणि तुम्हाला कधी असं थांबून शिकवणारं कुणी भेटलं असेल, तर आज त्यांना एक फोन करा. राहून गेलेले आभार मानायचे असतात.